दोनशे जपानी आणि बदलापूर फास्ट

माणसं एकत्र आणायची तर जपानी लोकांना आधी एक दगड लागतो. तोही साधासुधा चालत नाही. घराण्याचा वारसा असलेला लागतो आणि तो चोरीला जावा लागतो. मग जगाजगांमधल्या भिंतींना भोकं पडतात, त्यातून कुणीतरी भलतीकडेच जाऊन पडतो, उठतो, कपडे झटकतो आणि समोरच्याला विचारतो, ‘आपण कोण? आणि मी कुठे आलो?’ आपल्याकडे हेच काम मध्य रेल्वे करते. तिला दगड लागत नाही, आणि इथे कुणी कुणाला काही विचारतही नाही.

त्या दगडाच्या गोष्टीचं नाव ‘प्रोजेक्ट एक्स झोन’. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी हा व्हिडिओ गेम जपानात निन्टेन्डो थ्रीडीएससाठी आला आणि २०१३च्या जून-जुलैत अमेरिकेत नि युरोपात पोचला. थ्रीडीएस म्हणजे हातात धरून खेळायचं, उघडझाप करणारं, दोन पडद्यांचं यंत्र. कॅपकॉम, सेगा आणि नाम्को बंदाई या तीन कंपन्यांनी आपापल्या निरनिराळ्या खेळांतली पात्रं या एका खेळात आणून ओतली. नायक, खलनायक, यंत्रमानव, पिशाच्चं, शाळकरी मुली असा सगळा मिळून आकडा दोनशेच्या घरात जातो. त्याआधी २००५ साली नाम्को आणि कॅपकॉम या दोघींनी असाच एक घाट प्लेस्टेशन टूवर घातला होता, पण तो जपानच्या बाहेर गेला नाही. बहुधा बाहेरच्यांना ओळखी करून देताना दमछाक झाली असती.

मला हे ज्ञान भाच्याकडून झालं. तो आमच्याकडे बदलापूरला राहतो, मुंबईत नोकरी करतो आणि संध्याकाळी सीएसएमटीहून माझ्याच डब्यात बसतो. ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून आणलेला थ्रीडीएस त्यानं जुन्यात विकत घेतलाय. सीएसएमटी ते बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. एवढ्या वेळात माणूस एक छोटी कादंबरी वाचेल, एक भांडण सुरू करून मिटवेल किंवा मान टाकून झोपेल. भाचा एक लढाई लढतो, आणि तीही बदलापूरपर्यंत संपत नाही.

‘एवढा वेळ काय करतोस रे?’ मी विचारलं.

‘अजून सुरू नाही झाली मामा. ओळखी चालल्यात.’

आणि खरंच ओळखी चालल्या होत्या. मी आपला मारामारी बघायला मान वाकडी करून बसलेलो, तर पडद्यावर दोन चेहरे समोरासमोर येऊन बोलतायत. हा म्हणतो मी अमुक, ती म्हणते मी तमुक, मग तिसरा येऊन म्हणतो, तुम्ही ते अमुकच ना, आपण मागच्या वेळी भेटलो होतो. खेळाची चाळीसेक प्रकरणं आहेत. जवळपास प्रत्येकात नवे पाहुणे येतात, आणि प्रत्येक नवा पाहुणा आला की जुन्या सगळ्यांना एकेक वाक्य बोलावं लागतं. कुणी गप्प राहिला तर त्याच्या कंपनीला वाईट वाटेल ना!

हे मी आयुष्यभर मंगल कार्यालयांत पाहत आलोय. इथे व्याही तीन आहेत एवढाच फरक. कॅपकॉमकडचे इतके, सेगाकडचे इतके, नाम्कोकडचे इतके. प्रत्येकाला जोडीनं पाटावर बसवायचं, प्रत्येकाच्या खास वाराच्या वेळी तोंडाचा मोठा फोटो निघालाच पाहिजे, आणि मागे ज्याच्या त्याच्या घरचाच बॅंड वाजला पाहिजे. खरोखर तसंच आहे. ज्याची पाळी त्याच्या मूळ खेळातलं संगीत वाजतं. शत्रू बिचारा मानपान आटोपेपर्यंत हॉलच्या दारात उभा. माझं तर मत झालंय की या खेळाला लढाईचा खेळ म्हणणं चूक आहे. लढाई म्हणजे नुसती पंगत. खरा कार्यक्रम पाहुण्यांची उठबस.

जोड्या मात्र ज्यानं लावल्या त्याला मानलं पाहिजे. डांटे हा पिशाच्चांचा शिकारी, त्याचा जन्म भुतं मारण्यात गेलेला. त्याच्या जोडीला दिलाय दिमित्री, म्हणजे खुद्द रक्तपिपासू. चुन-ली ही पोलीस खात्यातली शिस्तीची बाई, तिच्या शेजारी मॉरिगन. पंख असलेली, पुरुषांना स्वप्नात येऊन नादावणारी. भाच्याला यात फार गंमत वाटते. म्हणाला, ‘इमॅजिन कर मामा, असे दोघं एका टीममध्ये!’

मी इमॅजिन कशाला करू? माझ्या समोरच्या बाकावर खिडकीला दारूबंदीच्या खात्यातले एक साहेब बसतात, आणि त्यांना चिकटून जे बसतात त्यांचं परमिट रूम आहे. दोघं दिव्यापर्यंत एकाच पेपरची अर्धी अर्धी पानं वाचतात. साहेब क्रीडा घेतात, ते शेअर बाजार घेतात. चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धं बूड आत आणि अर्धं हवेत, एक शाळामास्तर. अनेक वर्षांचा हा गट, पण एकमेकांची नावं कुणालाही ठाऊक नाहीत. ‘अंबरनाथ’, ‘विठ्ठलवाडी’, ‘चश्मा’, ‘साई’ अशी हाक जाते. बहुतेक करून ज्याला जिथे उतरायचं ते त्याचं नाव. एखादा दोन दिवस दिसला नाही तर चौकशी होते, ‘विठ्ठलवाडी आजारी आहे का?’ ऐकणाऱ्या नवख्याला वाटावं गावात साथ आली.

लढाई सुरू झाली की मात्र खेळ बघण्यासारखा आहे, हे कबूल करायला हवं. पट चौकटींचा. आपली जोडी शत्रूपर्यंत सरकते, मग पडदा बदलतो आणि हाणामारी सुरू. जोडीच्या मदतीला एक सुटा भिडू घेता येतो आणि शेजारच्या चौकटीतली दुसरी जोडीही हात धुऊन घेते. शत्रूला वर उडवायचं आणि खाली येऊ द्यायचं नाही. तो जमिनीला टेकणार एवढ्यात टोला बसला तर जास्त लागतो. आणि दोन बाजूंनी एकाच वेळी मार बसला तर तो हवेत जागच्या जागी अडकतो. ना वर, ना खाली. सगळे त्याला निवांत बडवतात.

भाचा हे समजावून सांगत होता तेव्हा आमची गाडी डोंबिवलीहून सुटली होती. कल्याणला उतरणारे दारात गोळा झालेले, आणि कल्याणला चढणारे फलाटावर पदर-दप्तर खोचून उभे. गाडी थांबली. आतून बाहेर आणि बाहेरून आत असे दोन लोंढे एकाच क्षणी भिडले आणि मधोमध एक किडकिडीत गृहस्थ, छातीशी डबा धरलेले, वर उचलले गेले. त्यांचे पाय जमिनीला नव्हते. ना आत, ना बाहेर. चेहऱ्यावर मात्र पूर्ण शांती. ‘उतरायचंय का तुम्हाला?’ कुणीतरी विचारलं. ‘कल्याणलाच उतरायचंय,’ ते वरूनच म्हणाले. गाडी सुटली. विठ्ठलवाडीला त्यांना अलगद खाली ठेवण्यात आलं.

‘क्रॉस हिट!’ भाचा ओरडला. जपान्यांना हे यंत्रात बसवायला प्रोग्रॅमर लागले.

हळूहळू आमचा गट या खेळात ओढला गेला. आपण होऊन कुणी आलं नाही. गर्दीत मान जिकडे अडकेल तिकडे बघावं लागतं, आणि कित्येकांच्या माना भाच्याच्या पडद्याकडे अडकत. खेळातले आवाज जपानी आणि खाली अक्षरं इंग्रजी. त्यामुळे मास्तर वाचून दाखवणार, परमिट रूमवाले भाव सांगणार आणि साहेब आक्षेप घेणार अशी कामं आपसूक वाटली गेली. फ्रॅंक वेस्ट नावाचा एक वार्ताहर त्यात आहे. तो मूळचा झॉंबींच्या खेळातला. मुडदे अंगावर येत असताना हा आधी फोटो काढतो. साहेबांना तो अजिबात आवडला नाही. दारात लटकून रील काढणाऱ्या पोरांवर त्यांचा जो राग होता तो सगळा त्यांनी फ्रॅंक वेस्टवर काढला.

‘यात इंडियाचा कोण आहे?’ एकदा विठ्ठलवाडीनं विचारलं.

भाच्यानं सांगितलं की आपला माणूस धालसिम, स्ट्रीट फायटरमधला योगी, १९९१पासून कॅपकॉमच्या नोकरीत. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि हातपाय रबरासारखे हवे तेवढे लांब होतात. पण या खेळात त्याला बोलावलेलं नाही.

डब्यात खळबळ उडाली. रियू आहे, केन आहे, चुन-ली आहे आणि धालसिम नाही? पण अन्यायापेक्षाही लोकांना हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फलाटावर उभं राहून चालत्या गाडीच्या खिडकीतून हात आत घालायचा आणि चारही जागांवर रुमाल टाकायचे, अशी विद्या येणारा माणूस, आणि तो दिला कुणाला तर मारामारीला! ‘तो बदलापूरला असता ना,’ मास्तर म्हणाले, ‘तर आपल्याला डाऊन करून यायची गरज पडली नसती.’ सकाळी अंबरनाथचे लोक बसायला मिळावं म्हणून आधी उलटे बदलापूरला जातात आणि त्याच गाडीनं परत येतात, त्याबद्दल हे चाललं होतं. मुंबईला जायला आधी मुंबईपासून लांब जायचं, ही चाल कुठल्याही पटावरच्या खेळात अजून तरी कुणी ठेवलेली नाही.

आमच्यात साई म्हणून जे आहेत ते उल्हासनगरचे कापडवाले. मुंबईहून नमुन्यांचं गाठोडं घेऊन येतात आणि ते मांडीवर ठेवलं की त्यावर भाच्याचे कोपर टेकतात, त्यामुळे खेळात त्यांचा भागीदारीचा हक्क आहे. त्यांना जपानी नावांचं काही कौतुक वाटलं नाही. ‘हमारे यहां तो पूरा जपानी बाजार है,’ म्हणाले. आहेच, उल्हासनगरात. तिथे कापड मिळतं, आणि गिऱ्हाइकं बदलापूरपासून बिहारपर्यंतची असतात.

पण दगडाची गोष्ट मात्र साईंनी नीट ऐकून घेतली. कोऱ्यूजी नावाचं खानदानी घराणं, त्यांचा दगड चोरीला गेलेला, तो शोधायला घरची मुलगी (तिचं नावच ‘मी’) आणि तिचा शिकवणीवाला-कम-गुप्तहेर कोगोरो निघालेत, आणि वाटेत जगोजगीची माणसं आपापल्या घरातून उचलून भलत्याच मुलुखात टाकली जातायत. साईंनी विचारलं, ‘और ये सब हर बार पूछते हैं, तू कौन, तू कहां से?’

‘हो. प्रत्येक वेळी.’

‘हमने नहीं पूछा. सबका जवाब एक ही था.’

एवढंच बोलून त्यांनी गाठोडं सारखं केलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी उभारली होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७नंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसं त्या बराकींत येऊन उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी आले आणि वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पण पत्ते अजून छावणीचेच. कॅम्प नंबर एक ते पाच, त्यात सेक्शन, त्यात बॅरक नंबर. भाच्याला हे भारी वाटतं, एकेक लेव्हल पार केल्यासारखं. कॅम्प चारात पत्ता शोधत फिरलेल्या माणसाला मात्र ठाऊक असतं की इथे तीन नंबरची बॅरक दोन नंबरच्या शेजारी असेलच असं नाही.

आणि जपानी कंपन्यांना एका ताटात जेवायला बसवण्याचं म्हणाल, तर ते काम या पट्ट्यात फार आधी झालं होतं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेम आठवतात? ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’ असल्या नावांचे, निन्टेन्डोच्या यंत्राची भावंडं. त्यात खुपसायची पिवळी नाहीतर काळी कॅसेट, वर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. आत खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकी सगळे तेच ते, कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी जास्तीच्या बंदुकीसकट. पण त्या एका डबीत निन्टेन्डोचा मारिओ, कोनामीचा कॉन्ट्रा, नाम्कोचा पॅकमॅन नि गॅलॅक्सियन अशी मंडळी बिनबोभाट राहत होती. मानपान नाही, करार नाही, दगड नाही. स्टिकरवर चित्र रॅम्बोचं, नाव कॉन्ट्राचं आणि सुरू केल्यावर निघायची सर्कस. चालली नाही तर फुंकर मारायची. तीन कंपन्यांना अधिकृतपणे एकमेकींच्या शेजारी बसायला २०१२ साल उजाडलं, तेही एवढे सोपस्कार करून. गल्लीतल्या पोरांनी ते भाड्याच्या कॅसेटवर केव्हाच उरकलं होतं.

मध्यंतरी कल्याणच्या त्याच दारात भाच्याच्या थ्रीडीएसचं बिजागर तुटलं. वरचा पडदा लुळा पडला. कंपनीनं २०२०तच हे यंत्र बनवणं थांबवलंय आणि २०२३च्या मार्चमध्ये त्याचं ऑनलाइन दुकानही बंद केलंय, तेव्हा कंपनीकडून पार्ट मिळायची सोय नाही. भाचा दोन दिवस जेवला नाही. साई म्हणाले, कॅम्प तीनला या.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. टेबलावर मेलेल्या मोबाइलांचा ढीग. कारागीर विशीतला मुलगा. त्यानं यंत्र उघडमीट करून बघितलं, कानाशी नेलं.

‘ये क्या है? डिक्शनरी?’

‘गेम आहे. जपानचा.’

‘दो स्क्रीन किसलिए?’

‘एकावर लढाई, दुसऱ्यावर माहिती.’

‘अच्छा. मतलब एक काम का है.’

मग त्यानं ढिगातून एक जुना फोल्डिंग मोबाइल काढला, त्याचं बिजागर उपटलं, कानशीनं दोनदा घासलं, चष्म्याच्या काडीचा असतो तसला एक बारीक स्क्रू जिभेवर धरून शोधाशोध केली, आणि यंत्र बंद केलं तेव्हा ‘टक्’ असा आवाज आला जो मूळ निन्टेन्डोला कधी येत नव्हता. भाच्यानं गॅरंटी विचारली. मुलानं वर न बघता सांगितलं, ‘दुकान इधरइच है.’ दोनशे पात्रं एकत्र आणणाऱ्या त्या खेळापेक्षा, कोरियाच्या फोनचं बिजागर जपानच्या यंत्रात बसवून ते चालवून दाखवणारा हा मुलगा मला जास्त थोर वाटतो. त्यानं तर संगीतही लावलं नव्हतं.

अंबरनाथच्या काकांचा या सगळ्याला पहिल्यापासून विरोध होता. हे काका रोज शंकराला हात जोडून गाडी पकडणारे. परक्यांचे देव-राक्षस, त्यांचा आपल्याला काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा भाच्यानं त्यांना एक फोटो दाखवला. जपानी लोक नववर्षाला ज्यांची चित्रं लावतात ते सात सुखाचे देव, सगळे एका होडीत बसलेले. त्यातली वीणेसारखं वाद्य घेतलेली बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. चिलखत घातलेला बिशामोन म्हणजे आपला कुबेर. तिघं चीनकडचे. आणि तो गुबगुबीत दाइकोकू म्हणजे मूळचा महाकाळ. सातांत जपानचा घरचा असा एकच, मासा धरलेला एबिसू.

काकांनी चष्मा वर केला. दाइकोकू तांदळाच्या गोण्यांवर उभा, हातात लाकडी हातोडा, गालभर हसू.

‘हे आमचे महादेव?’

‘तिकडे गेले ना काका. बदलले.’

काका बराच वेळ बघत राहिले. अंबरनाथचं देऊळ शके ९८२चं, म्हणजे १०६० सालचं. शिलाहारांच्या मुम्मुणी राजाचं नाव शिलालेखात आहे, गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. त्याच गावात स्वीडनवाल्यांनी काडेपेट्यांचा कारखाना टाकला आणि सरकारनं दारूगोळ्याचा. खाली देव, एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला बारूद. असली लेव्हल खेळात ठेवली तर तपासणारे म्हणतील, जरा जपून. काकांना अर्थात यातलं काही वावगं वाटत नाही. त्यांना खटकलं ते हसू. ‘महाशिवरात्रीला आमच्याकडची रांग बघितली असती,’ ते म्हणाले, ‘तर हसला नसता.’ पण फोटो त्यांनी पाठवून घेतला.

परवा भाच्यानं जाहीर केलं की पहिला भाग संपत आलाय. दुसरा भाग जपानात २०१५च्या नोव्हेंबरात आला, तोही त्याला कुठून तरी मिळणार आहे. त्यात कोण कोण, अशी विचारणा झाली. भाचा सांगू लागला. याकुझा टोळीतला किर्यू आहे, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला माजिमा आहे, आणि फीनिक्स राइट आहे.

‘त्याचं हत्यार काय?’ साहेबांनी विचारलं.

‘हत्यार नाही. तो वकील आहे. बोट रोखून ‘ऑब्जेक्शन’ म्हणून ओरडतो.’

‘आणि समोरचा मरतो?’

‘हो.’

मास्तरांना हे पटेना. एवढे तलवारवाले, बंदूकवाले, पिशाच्चं असताना वकील कशाला? साईंनी गाठोड्याला गाठ मारली, उल्हासनगरचा फलाट आला होता.

‘पहले पार्ट में ही चाहिए था,’ ते उठता उठता म्हणाले. ‘कॅम्प में पहले वकील आता है. बिल्डिंग बाद में.’